हजेरी क्रमांक तीन

रोज सकाळी सव्वादहाला आमच्या ऑफिसात हजेरी व्हायची. ऑफिस म्हणजे इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, आणि माणसं एकूण तीन. तरी भाऊसाहेब उभे राहायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, निळ्या पुठ्ठ्याचा हजेरीपट उघडायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघून ओरडायचे, "एक!" काकू, म्हणजे त्यांची बायको, मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "हजर." मग "दोन!" दोन नंबर ते स्वतःच असल्यामुळे जरा आवाज बदलून, मागच्या बाकावरच्या मुलासारखे, स्वतःच उत्तर द्यायचे, "हजर." मग "तीन!" ती मी. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, तेव्हा पेन तसंच धरून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "याची नोंद हजर अशी करायची की हसली अशी?"

मी तिथे चार वर्षं काढली. भाऊसाहेबांना सांगून सोडून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी रीतसर दाखला दिला, पेढ्यांसकट दिला. मला दिला नाही. तो का दिला नाही हे मला कळायला फार उशीर झाला. आज लिहायला बसलेय ते त्यासाठीच.

शाळेतल्या कारकुनाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात. आमच्या भाऊसाहेबांनी नाशिकरोडच्या बाजूच्या एका शाळेत बावीस वर्षं कारकुनी केली होती. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवला होता आणि गणपतीतच तेवढा उघडायचे. भाऊसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, पुस्तकं वाचून, चुकत माकत त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. पुढे नोकरी सोडली आणि तोच प्रोग्रॅम शाळाशाळांना देऊ लागले. त्याचं नावही त्यांनी साधं ठेवलं होतं, 'रजिस्टर'.

शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते: नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. माणूस साठीचा झाला तरी त्याला कशाचाही पुरावा लागला की शेवटी त्या ओळीपाशीच यावं लागतं. माझ्या वडिलांना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली ती गावच्या शाळेतल्या अशाच एका ओळीच्या जोरावर. ती ओळ सापडेपर्यंत माझ्या आजोबांनी शाळेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. भाऊसाहेबांचा प्रोग्रॅम हे रजिस्टर सांभाळायचा. त्या सगळ्या माहितीला ते डेटा वगैरे कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, दप्तर. "दप्तर शाळेचं. आपण नुसती खुंटी. खुंटीनं दप्तर आपलं आहे असं समजायला लागू नये."

बोलणं सगळं असं कचेरीतलं. चहा हवा असला की "सदर चहाची कार्यवाही कुठवर आली?" असं काकूंना विचारायचे, आणि काकू आतून "प्रस्ताव विचाराधीन आहे" म्हणायच्या. रजा हवी तर अर्ज. मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी मी अर्धा दिवस मागितला तर अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा, 'नाते स्पष्ट करावे'. जुन्या बाजारातून आणलेली एक पितळी घंटा दारात टांगलेली होती. एक वाजता ती वाजायची, मग मधली सुट्टी. सुट्टीत कुणी प्रोग्रॅमबद्दल बोललेलं त्यांना चालायचं नाही. माझे वडील एकदा मला न्यायला आले आणि हा सगळा थाट तासभर बघत बसले. बसस्टॉपवर म्हणाले, "तुझा साहेब लय नमुना हाय बाई. पण माणूस सरळ हाय. बाकी पगाराचं काय ते तू बघ."

सरळ म्हणजे किती सरळ, ते सांगते. एकदा त्यांना सणकून ताप होता. घर वरच्याच मजल्यावर. सव्वादहाला ते शाल पांघरून, कठड्याला धरून खाली आले. हजेरीपट उघडला. "एक!" काकू हजर. "दोन!" कुणीच बोललं नाही. ते स्वतः समोर उभे, दातावर दात आपटतायत, पण आज ते कामाला आलेले नव्हते. त्यांनी दोनपुढे लाल शाईत 'गै' लिहिलं, माझी हजेरी घेतली आणि परत वर जाऊन झोपले. पटावर नसलेली पोरं हजर दाखवून तुकड्या टिकवणाऱ्या शाळा त्यांनी नोकरीत पाहिल्या होत्या आणि त्यावरून वरिष्ठांशी उभं भांडणही काढलं होतं. खोटा हजर त्यांनी जन्मात मांडला नाही. आणि सलग महिनाभर गैरहजर असलेल्याचं नाव पटावर ठेवायचं नाही, हाही त्यांचा नियम. माझ्याआधी तीन नंबरवर एक मुलगा होता, तो न सांगता पुण्याला निघून गेला. जुन्या पानांवर त्याच्या नावापुढे महिनाभर 'गै गै गै' आणि मग पट्टी ठेवून मारलेली सरळ लाल रेघ मी पाहिलेली आहे.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा शाळेत प्रोग्रॅम बसवताना दिसायचा. पडद्यावर पाच-सहा बटणं असायची. बाकीची करडी, एकच ठळक हिरवं, त्यावर लिहिलेलं, 'शाळा सोडणे'. ते दाबलं की शाळेचं सगळं दप्तर एका साध्या फाईलीत बाहेर यायचं. ती कुणालाही वाचता येईल अशी, आणि कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालता येईल अशी. भाऊसाहेब कुठल्याही शाळेत गेले की पहिला धडा या बटणाचा द्यायचे. प्रवेश कसा नोंदवायचा वगैरे सगळं नंतर.

सिन्नरजवळच्या एका शाळेत मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही तर मांडवातच सोडचिठ्ठी कशी लिहायची ते शिकवायला लागले!"

"बाई, प्रवेश कुणीही देतं," भाऊसाहेब म्हणाले. "शाळा कशी आहे ते दाखला मागायला गेलं की कळतं. तुम्ही दाबून बघा. आमच्यासमोर दाबा."

बाईंनी दाबलं. फाईल आली. भाऊसाहेबांनी ती बाईंच्याच पेन ड्राइव्हवर घालून दिली, त्यांना ती कपाटात ठेवायला लावली, कपाटाला कुलूप लावायला लावलं आणि मगच चहाला हात लावला.

एखादी शाळा खरोखर सोडून गेली की ते स्वतः तिथे जायचे. पावकिलो पेढे आणि एक छापील दाखला. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच हुबेहूब, फक्त विद्यार्थ्याच्या जागी शाळेचं नाव. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. एका शाळेला त्यांनी 'वर्तणूक: चांगली, परंतु फोन उचलत नाहीत' असं लिहून दिलं होतं आणि त्या मुख्याध्यापकांनी तो फ्रेम करून लावला होता. सोडण्याचे कारण हा रकाना ते शाळेलाच भरायला लावायचे. काही जण संकोचून 'वैयक्तिक' लिहायचे. मग भाऊसाहेब समजूत घालायचे की स्पष्ट लिहा, आमचा प्रोग्रॅम संथ चालतो असं लिहा, म्हणजे आम्हाला सुधारता येईल.

हे वेड कुठून आलं ते मला एका मधल्या सुट्टीत काकूंनी सांगितलं. भाऊसाहेब नोकरीत होते त्या शाळेत दहावी झालेली एक मुलगी होती. तिला दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून पुढे शिकायचं होतं. तिला दाखला हवा होता. संस्थेला आपल्याच कॉलेजात मुलं हवी होती, म्हणून दाखले अडवून ठेवायचे. भाऊसाहेबांनी तिचा दाखला लिहून तयार ठेवला होता, पण शिक्का चिटणीसांच्या कपाटात. ती मुलगी महिनाभर रोज यायची, खिडकीशी उभी राहायची. प्रवेशाची तारीख गेली, तसं तिचं येणं बंद झालं. "त्या वर्षी यांनी राजीनामा दिला," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, लिहिलेला दाखला टेबलाच्या खणात होता आणि मी तिला रोज उद्या ये म्हणत होतो."

पंचवटीत आणखी एक जण शाळांसाठी असाच प्रोग्रॅम करायचे. भाऊसाहेब त्यांना 'पंचवटीवाले' म्हणायचे, जसं काही ते एखादं घराणंच होतं. दोघांची कायम चढाओढ. पंचवटीवाल्यांनी अर्धंमुर्धं नाव टाकलं तरी विद्यार्थी शोधून देणारी सोय काढली, तेव्हा भाऊसाहेब ती बघून आले आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आमच्याही प्रोग्रॅममध्ये ती सोय होती, वर आईच्या नावावरूनही शोधता यायचं. मग त्यांनी स्वतः पंचवटीवाल्यांना फोन लावला, "आईच्या नावाचं बघितलं का? बघा, बघा." एखाद्या शाळेला आमचा प्रोग्रॅम जमत नसेल तर ते सरळ पंचवटीचा पत्ता द्यायचे. मला राग यायचा. मी म्हणायचे, असं गिऱ्हाईक घालवतात का कुणी? ते म्हणायचे, "तीन नंबर, ते तिथे आहेत म्हणून आपण वेळेवर उठतो."

मग कंपनी आली. तिचं नाव घेत नाही. सध्या माझा पगार तिथूनच होतो. तिनं शाळांना सगळंच देऊ केलं: रजिस्टर, निकाल, पालकांच्या फोनवर सूचना, सगळं एकात एक, आणि पहिली दोन वर्षं फुकट. फुकटापुढे कोण टिकणार? शाळा भराभरा तिकडे गेल्या. आधी पंचवटीवाले बंद पडले. बातमी आली त्या दिवशी भाऊसाहेब पांढरा शर्ट घालून त्यांना भेटून आले. आल्यावर आम्हाला दोन मिनिटं उभं केलं, घंटा वाजवली आणि म्हणाले, "दुखवट्याची सुट्टी. घरी जा." मला वाटलं, थट्टा चाललीय. पण ते बाकावर बसून राहिले होते. "आता मी कुणाच्या पुढे जाऊ गं?" त्यांनी मला विचारलं. "वर्गात एकटाच उरलो. पहिला नंबर मीच आणि शेवटचाही मीच." काकूंनी मला खुणेनं जायला सांगितलं.

थोड्या दिवसांनी कंपनीचा एक माणूस आमच्याकडे आला. तरुण, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट. भाऊसाहेबांनी त्याला हजेरीपट दाखवला, घंटा दाखवली. तो म्हणाला, "सर, तुमच्या शाळा आमच्याकडे यायला तयार आहेत, पण जुना डेटा कसा आणायचा ते समजत नाहीये."

दुसऱ्या कुणी त्याला दार दाखवलं असतं. भाऊसाहेबांना आनंद झाला. आपलं हिरवं बटण कुणाला तरी हवंय, एवढंच त्यांना ऐकू आलं. त्यांनी त्याला तासभर फाईलीची रचना समजावून सांगितली. कुठल्या रकान्यात काय, जुन्या तारखा कशा, दोन नावं सारखी असली तर काय करायचं. मग मला म्हणाले, "तीन नंबर, यांना हे सगळं नीट टाईप करून दे. शाळांचं काही हरवता कामा नये." मी अठरा पानांची वही टाईप करून दिली. आमच्या सगळ्या शाळा आमच्याकडून कशा न्यायच्या, याची ती वही होती.

त्या माणसानं जाता जाता आणखी एक विचारलं. कंपनी भाऊसाहेबांचा प्रोग्रॅम नावासकट विकत घ्यायला तयार होती, त्यांना चांगली जागाही देणार होती. अट एकच. ते हिरवं बटण काढायचं.

"तुमच्यात ते कुठे आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आमच्यात नाहीये सर. गरज नाही पडत. येणारा परत जात नाही."

"अर्ज नामंजूर," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्याला पेढा दिला.

त्यानंतर पाच महिन्यांनी मी त्याच कंपनीत गेले. कारणं होती. वडील निवृत्त होणार होते, एकलहऱ्याचं क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि भाऊसाहेबांचा पगार आता उशिरा, अर्धा, कधी काकूंच्या हातून पाकिटात यायचा. मला कुणी फूस लावली नव्हती. मी स्वतः गेले. फक्त त्यांच्या तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून ईमेल केला. जन्मभर अर्ज वाचलेल्या माणसाला मी दोन ओळींचा इंग्रजी ईमेल केला, आणि तोही नेटवरून उचललेला.

शेवटच्या दिवशी हजेरी झाली, मधली सुट्टी झाली, साडेपाचची घंटा झाली. मी उभी राहिले. मला वाटत होतं, आता खण उघडतील, दाखल्याचं पुस्तक काढतील. निदान रागावतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रोजच्यासारखं म्हणाले, "उद्या सव्वादहा." काकू आत निघून गेल्या. मी चप्पल घालून बाहेर पडले आणि सिटी बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं.

कंपनीतलं माझं पहिलं काम काय असावं? भाऊसाहेबांच्या फाईली आत घेणारा प्रोग्रॅम लिहिणं. इतरांना महिना लागला असता. मला एक दुपार लागली. अठरा पानांची वही माझीच होती. एक बटण दाबलं की त्यांची शाळा आमची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, बाहेर काढायचं बटण केव्हा करायचं? टीमचा प्रमुख म्हणाला, पुढच्या तिमाहीत बघू. मी बरं म्हणाले. मला ते बटण कसं लिहायचं ठाऊक होतं, का लिहायचं तेही ठाऊक होतं, आणि मी बरं म्हणाले.

एकेक शाळा भाऊसाहेबांकडून निघाली. ते प्रत्येकीला पेढे आणि दाखला देऊन आले, असं कानावर यायचं. सिन्नरच्या बाईंची शाळाही आली. मी दर वेळी म्हणायचे, आता माझाही दाखला पोस्टानं येईल. आला नाही. महिना उलटल्यावर माझ्याही नावावर लाल रेघ पडली असणार, असं मी धरून चालले. त्यांनी मला दाखल्याच्याही लायकीचं ठेवलं नाही, हे मनात घेऊन मी साडेतीन वर्षं वावरले.

फुकटची मुदत संपली आणि कंपनीनं आकारणी सुरू केली. दुसऱ्या वर्षी ती दुप्पट झाली. पण जायचं कुठे? आजूबाजूला भाऊसाहेबांखेरीज कुणी उरलंच नव्हतं. सिन्नरच्या बाईंनी परत भाऊसाहेबांकडेच जायचं ठरवलं. त्यांनी आपलं दप्तर परत मागितलं, तर कंपनीनं छापलेल्या पानांचे फोटो दिले. नुसती चित्रं, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये जाणार नाहीत अशी. बाईंनी मला फोन केला.

"ताई, तुम्ही तर आतमध्येच आहात. आमच्या पोरांची नावं आहेत हो ती. काही करता येईल का?"

मी त्यांना काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही ॲपवर तक्रार नोंदवा. नंबर मिळेल."

बाई म्हणाल्या, "बरं. भाऊसाहेब म्हणाले होते तुम्हाला त्रास देऊ नका म्हणून. माझंच चुकलं."

नंतर कळलं ते असं. बाईंनी कपाटाचं कुलूप काढून तो जुना पेन ड्राइव्ह बाहेर काढला, पण त्यात शाळा कंपनीकडे गेली तोपर्यंतचंच होतं. पुढची सगळी वर्षं हातानं भरायची होती. भाऊसाहेब आणि काकू रोज सकाळच्या एसटीनं सिन्नरला जायचे आणि शाळेतल्या प्रयोगशाळेत बसून एकेक ओळ भरायचे. काकू वाचायच्या, ते टाईप करायचे. सत्तरीला आलेली दोन माणसं दोन महिने हे करत होती. मी शनिवार-रविवार मोकळी असायचे. सिन्नर काही लांब नाही. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं, असं स्वतःला म्हणत राहिले, आणि तेवढ्यात ते काम संपलं.

काम संपल्यावर चार महिन्यांत भाऊसाहेब गेले. बातमी मला शाळांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. तेव्हाही मी दहाव्याला गेले नाही. महिनाभरानं गेले.

गाळा तसाच होता. घंटा होती, बाक होता. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला पाणी दिलं, आईवडिलांची चौकशी केली. मला राहवेना. मी विचारलं, "काकू, त्यांनी मला दाखला का दिला नाही?"

"अर्ज कुठे केलास तू?" काकू म्हणाल्या. "ते इंग्रजी आलेलं मला दाखवलं त्यांनी. म्हणाले, हा काही अर्ज नाही, याच्यावर दाखला देता येणार नाही. मी म्हटलं, अहो, मग तिला सांगा ना अर्ज कर म्हणून. तर म्हणाले, मी कशाला आठवण करू?"

मग त्यांनी हजेरीपटांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. मी माझा शेवटचा महिना शोधला आणि त्याच्या पुढचं पान उलटलं, लाल रेघ बघायची म्हणून. रेघ नव्हती. तीन नंबरपुढे माझं नाव होतं, त्यांच्या ठसठशीत अक्षरात. पुढे 'गै, गै, गै'. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाव होतं. त्याच्याही पुढच्या. दर महिन्याला पान नवं, आणि दर पानावर नाव पुन्हा लिहिलेलं. आणि प्रत्येक पानावर, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, लाल शाईच्या त्या रांगेच्या टोकाला निळ्या शाईत एक 'ह'.

मला आधी अर्थच लागेना. "हे काय आहे काकू? मी तर आले नव्हते."

"नव्हतीसच," काकू म्हणाल्या. "पहिला महिना भरला त्या दिवशी पट्टी आणि लाल पेन घेऊन बसले होते. पट्टी ठेवायचे, उचलायचे. मग मला म्हणाले, तू जरा आत जा बघू. मी आत गेले. तर बाहेरून आवाज आला, तीन! आणि मग यांनीच तुझ्यासारखा बारीक आवाज काढला, हजर." काकूंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "महिना सलग झाला नाही ना मग. नाव कमी करायला नको. पुढे दर महिन्याला मला तेवढ्यापुरतं आत पाठवायचे."

मी पानं उलटत राहिले. सिन्नरचे दोन महिनेही त्यात होते. त्यांनी हजेरीपट पिशवीत घालून तिकडे नेला होता. रोज प्रयोगशाळेत हजेरी झाली होती. एक हजर, दोन हजर, तीन 'गै'. काम संपलं त्या तारखेला मात्र तीनपुढे 'ह' होता. मी तिथे होते, असं तापात स्वतःला गैरहजर मांडणाऱ्या माणसानं लिहून ठेवलं होतं.

मी तोंड झाकून रडले. काकूंनी रडू दिलं. मग त्या उठल्या, खणातून दाखल्याचं पुस्तक आणि शिक्का काढला. "हवा असेल तर अर्ज दे. मी लिहून देते. एवढं मला येतं."

त्यांनी कागद दिला. मी 'मा. भाऊसाहेब यांस' असं लिहिलं, अर्जदार लिहिलं, विषय लिहिला. सोडण्याचे कारण इथपर्यंत आले आणि पेन पुढे जाईना. पगार लिहावा तर खरं होतं. वडिलांचं क्वार्टर लिहावं तर तेही खरं होतं. पण ते दोन्ही त्या घरात बसून लिहिण्यासारखं वाटेना. काकूंना मी सांगितलं की कंपनीत ते बाहेर पडायचं बटण मी लिहून तयार ठेवलंय, सिन्नरच्या त्या फोननंतरच लिहिलं; दर बैठकीत मांडते आणि दर वेळी ते पुढच्या तिमाहीवर ढकलतात.

"म्हणजे लिहिलेलं आहे आणि खणात आहे," काकू म्हणाल्या.

मला ती खिडकीशी उभी राहणारी मुलगी आठवली. काकूंनाही तीच आठवली असणार. मी अर्जाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "काकू, नाव राहू दे पटावर."

काकूंनी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा हजेरीपट उघडला. तो चालू होता. त्यांनी तो बंद केलाच नव्हता. एकपुढे रोज हजर. दोनचे चौकोन महिनाभर कोरे. तिथे लाल शाई वापरायला त्यांचा हात झाला नव्हता. तीनपुढे 'गै'.

त्यांनी भाऊसाहेबांचा चष्मा पुसून नाकावर ठेवला, पेन उघडलं आणि समोरच्या भिंतीकडे बघून, अगदी त्यांच्यासारखं ओरडल्या, "तीन!"

काकू पेन धरून थांबून राहिल्या.

"हजर," मी म्हणाले.

"या महिन्याचा हा धरते," काकू म्हणाल्या आणि निळ्या शाईत लिहू लागल्या. "एवढा तरी खरा आहे."